हेल्मेटसाहेबांच्या घरातला अपघात

लेकीचं डोकं गोलपोस्टच्या खांबावर आपटल्याचा फोन आला, तेव्हा हेल्मेटसाहेब कामगारांना डोकं कसं सांभाळावं यावर तावातावाने व्याख्यान देत होते. साहेब म्हणजे कारखान्याचे सुरक्षा अधिकारी. त्यांच्या राज्यात वर्षभर कोणाच्या बोटालाही खरचटलं नव्हतं. त्याबद्दल त्यांना दोन आठवड्यांनी, शनिवारी, सगळ्यांसमोर ढाल मिळायची होती. सूट धुऊन आला होता आणि भाषण पाठ व्हायचं तेवढं राहिलं होतं.

लेक शाळेच्या संघाची गोलकीपर. मैत्रिणी तिला 'भिंत' म्हणत. नेमक्या त्याच शनिवारी तिची फायनल होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूला हादरा बसलाय. घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका. एक-दोन दिवस आराम, मोबाईल कमी, मग हळूहळू शाळा. डोकं दुखायचं पूर्ण थांबलं, की खेळ टप्प्याटप्प्याने. त्याआधी दुसरा मार बसला तर फार महागात पडेल."

"आणि फायनल?" भिंतीने विचारलं.

"ते तुझं डोकं ठरवेल. बाबा रोज विचारतील, तू खरं सांगायचं."

साहेबांनी यातला 'आराम' हा एकच शब्द नीट ऐकला. संध्याकाळपर्यंत घरातले निम्मे बल्ब उतरले, खिडक्यांना जाड पडदे लागले आणि टेबलाच्या कोपऱ्यांना फोम चिकटला. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर कारखान्यातली पिवळी-काळी पट्टी आली. शेवटी साहेबांनी स्वतःचं पिवळं हेल्मेट काढून लेकीच्या डोक्यावर ठेवलं.

"बाबा, मी जेवतेय!"

"जेवतानाच माणूस बेसावध असतो."

"अहो, भाजी करपली की नाही ते तरी दिसू द्या मला," आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"वास घे की!"

रोज संध्याकाळी चौकशी व्हायची. डोकं दुखतंय? उजेड टोचतो? मळमळतंय? आणि भिंत धडाधड उत्तरं द्यायची, "नाही. नाही. अजिबात नाही." दिवसागणिक उत्तरांचा वेग वाढत गेला. साहेब खूश. "शेवटी लेक कोणाची!" असं ते कारखान्यात दहा जणांना सांगून आले. अंधार मात्र त्यांनी खबरदारी म्हणून तसाच ठेवला.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी साहेब स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत भाषण घोकत होते. वरच्या कपाटाचं दार उघडं राहिलं होतं. आईला ते दिसलं नव्हतं, कारण तिला काहीच दिसत नव्हतं.

"मित्रहो, अपघात होत नसतात, ते आपल्या निष्काळजीप—"

धाड!

"अहो, काय पडलं?"

"काही नाही!" साहेब जमिनीवरून म्हणाले. "मीच जरा बसलोय."

आईने घाईने फ्रिजमधून बर्फ काढला. फ्रिजच्या इवल्याशा दिव्याने साहेबांनी डोळे गच्च मिटले. "चला डॉक्टरांकडे," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? उद्या ढाल आहे! मला काय धाड भरलीय?"

आवाज ऐकून भिंत आली. हेल्मेट तिच्याच डोक्यावर होतं. ती बाबांच्या शेजारी फरशीवर बसली.

"डोकं दुखतंय?"

"नाही."

"उजेड टोचतो?"

"नाही."

"मळमळतंय?"

"अजिबात नाही!"

"बाबा, तू धडधडीत खोटं बोलतोयस."

"कशावरून गं?"

"असंच पटापट बोलावं लागतं. मध्ये थांबलं की पकडले जातो." ती हेल्मेटचा पट्टा ओढत म्हणाली, "मी रोज असंच बोलतेय."

वर्षभर परक्यांची बोटं मोजणाऱ्या माणसाला शेजारच्या खोलीतलं दुखणं दिसलं नव्हतं. उद्या ही पोर मैदानात उतरली असती आणि पुन्हा तो खांब...

"अजून दुखतं?"

"तू आधी सांग," भिंत म्हणाली. "तू ढाल घ्यायला गेलास तर मीही खेळायला जाणार."

साहेबांनी एकदा दाराला टांगलेल्या सुटाकडे पाहिलं. मग कपाळावरचा बर्फ सावरत म्हणाले, "दुखतंय गं. फार दुखतंय. आणि भाषणातलं एक अक्षर आठवत नाहीये."

भिंत हमसून हमसून रडली आणि मग तिनेही सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना एकाच बाकावर बसवून तपासलं. दोघांचाही शनिवार रद्द झाला. "पण घरात अंधार करायला कोणी सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं. साहेब पंख्याकडे बघत बसले.

फायनल दुसऱ्या गोलकीपरने खेळली आणि संघ हरला. भिंतीने उशीत तोंड खुपसून तिला यथेच्छ शिव्या घातल्या. संध्याकाळी कारखान्यातली माणसं ढाल घरीच घेऊन आली. घरातला अपघात कारखान्याच्या हिशेबात धरत नाहीत, असं त्यांनी साहेबांना समजावलं. चांगली जाडजूड पितळी ढाल होती. आई पलंगाच्या वर खिळा शोधू लागली.

"तिथे नको!" बापलेक एकदम ओरडले.

आईने ढाल खाली ठेवली, सगळे बल्ब परत लावले आणि खुर्ची ओढून दोघांसमोर बसली.

"डोकं दुखतंय?"

"हो," साहेब म्हणाले.

"हो," भिंत म्हणाली.

"वा!" आई म्हणाली. "आज पहिल्यांदा सुधारणा दिसतेय."