ओळीच्या वरचा फोटो

"वहिनी, जागेची जरा अडचण आहे," विश्वनाथराव गंधे चहात बिस्किट बुडवत म्हणाले. "तुमचा फोटो आपण लहान साइजमध्ये लावू. घड्याळाखाली छान बसेल."

पोह्यांवर खोबरं घालता घालता सुचेताबाई पिंपळापुऱ्यांचा हात थांबला.

हिंदी मुलखातल्या त्यांच्या मराठी मंडळाच्या सभागृहात माजी अध्यक्षांचे फोटो लावायची पद्धत होती. कारकीर्द संपली की माणूस भिंतीवर चढायचा. सगळे फोटो एका मापाचे, दोन बाय तीन फूट, सोनेरी फ्रेममधले, आणि सगळे पुरुषांचे. त्यातले बरेच जण चांगले हिंडतेफिरते होते, तरी नवीन आलेला पाहुणा सवयीने त्या भिंतीला हात जोडायचा. स्वतः विश्वनाथराव मागे एकदा अध्यक्ष झाले होते, त्यामुळे तेही ओळीच्या बरोबर मधोमध होते. आता सुचेताबाईंच्या नंतर पुन्हा त्यांचीच निवड झाली होती.

सुचेताबाई मंडळाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. त्यांनी गळकं छत दुरुस्त करून घेतलं, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह बांधून घेतलं. सोनेरी फ्रेममधल्या एकालाही ते इतकी वर्षं सुचलं नव्हतं. आणि आता म्हणे घड्याळाखाली!

"लहान म्हणजे किती?"

"पोस्टकार्ड साइज म्हणा ना. आटोपशीर."

"विश्वनाथराव, माझा फोटो बाकीच्यांएवढाच लागेल. इंचभरसुद्धा कमी नाही."

"पण ओळीत जागाच नाहीये, वहिनी!"

"जागेचं मग बघू. रविवारी अनावरण आहे ना? फोटो तयार असेल."

विश्वनाथराव पोहे संपवून गेले आणि सुचेताबाई मटकन सोफ्यावर बसल्या. कारण खरी अडचण जागेची नव्हतीच. फोटोत त्यांचे डोळे मिटायचे. कायमच! लग्नाच्या अल्बममध्ये अंतरपाटापासून पाठवणीपर्यंत नवरी झोपलेली होती. अध्यक्ष असताना दीपप्रज्वलनाचे फोटो तेवढे खपून गेले, लोकांना तो भक्तिभाव वाटला.

डोळे उघडे असलेला त्यांचा जगात एकच फोटो होता. सांचीच्या सहलीत दिरांच्या समीरने जुन्या मोबाईलवर काढलेला. तो मोबाईल पुढे बोटीतून मोठ्या तलावात पडला. फोटो मात्र या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे व्हॉट्सॲपवर फिरत राहिला आणि प्रत्येक मुक्कामी जरा जरा वाळत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुचेताबाई नवऱ्याला, वसंतरावांना, घेऊन महाराणा प्रताप नगरातल्या फोटो लॅबमध्ये हजर झाल्या.

"आंटी, ये पोस्टकार्ड साइज तक ठीक आएगा," लॅबवाल्याने स्क्रीनकडे बघून सांगितलं. "बड़ा करोगे तो फट जाएगा. डब्बे-डब्बे दिखेंगे."

पुन्हा पोस्टकार्ड! सुचेताबाईंनी पदर खोचला. "आपको गंधेजी ने बोला है क्या?"

"कौन गंधेजी?"

"दो बाय तीन फुट. छापो!"

छापलेली गुंडाळी घरी जेवणाच्या टेबलावर पसरली तेव्हा त्यांची लेक जुई नुकतीच ड्यूटीवरून आली होती. घराजवळच्याच हॉस्पिटलात ती टेक्निशियन होती. रोज लोकांचे एक्स-रे बघणारी मुलगी, पण तीसुद्धा दचकली.

"आई, यार! हे तर साबुदाणा भिजत घातल्यासारखं दिसतंय."

वसंतरावांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "डोळे कुठायत गं?"

झालं! ज्या उघड्या डोळ्यांसाठी हा फोटो निवडला, ते डोळेच चौकोनांत हरवले होते. उघडे आहेत की मिटलेले, कोणी शपथेवर सांगू शकलं नसतं.

"रुक जा जरा, एआयने क्लिअर करून देते," म्हणत जुईने मोबाईलवर बोटं नाचवली. फोटो खरंच लखलखीत झाला. पण त्यातल्या बाईची हनुवटी टोकदार होती, गालावरचा तीळ गेला होता आणि दात नको तितके शुभ्र होते.

"ही कोण?" सुचेताबाईंनी विचारलं.

"छान आहे हं," वसंतराव म्हणाले. मग बायकोकडे लक्ष गेलं. "म्हणजे... नकोच."

मग स्टुडिओत जाऊन नवा फोटो काढायचं ठरलं. फोटोग्राफर "एक, दो, तीन" म्हणायचा आणि तीनला डोळे गप्पकन मिटायचे. वसंतरावांनी दोनवरच काढा म्हणून सुचवलं, तर डोळे दोनवर मिटले. न सांगता काढा म्हटलं, तर बाई कॅमेऱ्याच्या धास्तीने आधीच मिटून बसल्या. शेवटी फोटोग्राफरनेच हात जोडले.

"अगं, मग घे ना लहानच," घरी आल्यावर वसंतराव समजुतीने म्हणाले. "कोण बघतंय तिथे?"

"कोण बघतंय?" सुचेताबाई म्हणाल्या. "उद्या मंडळात पोरी येतील. एवढे मोठे मोठे पुरुष आणि घड्याळाखाली चिमूटभर बाई बघून त्यांना वाटेल, ही चहापाण्याचं बघत असेल. मला वाईट वाटतं हो. मी काम केलंय तिथे."

जेवायला टेबल मोकळं हवं म्हणून वसंतरावांनी तो मोठा फोटो पुठ्ठ्याला चिकटवून कपाटावर उभा करून ठेवला.

सुचेताबाई डोळे पुसायला बाहेर व्हरांड्यात गेल्या, वळल्या आणि जागीच थबकल्या. कपाटावरून सुचेता पिंपळापुरे त्यांच्याकडे बघत होत्या. चौकोन नाहीत, साबुदाणा नाही. मागे स्तूप आणि समोर टक्क उघडे डोळे! त्या धावत आत आल्या. साबुदाणा. पुन्हा बाहेर गेल्या. सुचेताबाई.

"अहो, इकडे या! इथे उभे राहा. काय दिसतं?"

"ठिपके."

"मागे व्हा. अजून. अजून!"

वसंतराव उलट्या पावलांनी पायरीपर्यंत गेले. "अरे! दिसतेस की! आणि डोळे उघडे!"

सुचेताबाईंनी तिथूनच विश्वनाथरावांना फोन लावला. "तुमचं अगदी बरोबर आहे बघा. ओळीत जागा नाही. मग आपण ओळीच्या वर लावू."

"वर म्हणजे?"

"छताजवळ. घड्याळाच्याही वर. छत आता गळत नाही."

"म्हणजे माझ्या फोटोच्या वर?" विश्वनाथराव ओरडलेच.

"तुमच्या कशाला? ओळीच्या वर. तुम्ही ओळीत आहात, त्याला मी काय करू?"

जागा नाही हे स्वतःच सगळ्यांना सांगून बसल्यामुळे विश्वनाथरावांना होकार द्यावाच लागला. फोटो वर चढला.

रविवारी सभागृह भरलं. लांब दोरी ओढून पडदा सरकवला आणि टाळ्या कडाडल्या. मागच्या रांगेतल्या बायकांनी तर उभं राहून वाजवल्या. खालून फोटो झकास दिसत होता. पण विश्वनाथरावांना कुठेतरी शंका आली असावी.

"अरे निखिल," त्यांनी मंडळाच्या तरुण सचिवाला हाक मारली, "शिडी आण. वर जाऊन हार घालतो. जवळून बघूनही होईल."

शिडी! जवळून! सुचेताबाई ताडकन उठल्या आणि शिडीच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

"हार? विश्वनाथराव, मी जिवंत आहे!"

सभागृहात हशा पिकला. विश्वनाथरावांचा पाय पहिल्या पायरीवर तसाच राहिला. शिडीची कड घट्ट धरून, डोळे वटारून सुचेताबाई पहारा देत होत्या, आणि नेमका तेव्हाच निखिलने कॅमेरा दाबला.

"काकू!" तो नाचतच आला. "हे बघा! डोळे उघडे! आणि फोटो क्या मस्त क्लिअर आलाय! भिंतीएवढा करा, काही होणार नाही. वरचा काढून हाच लावायचा का?"

सुचेताबाईंनी बघितलं. पिकलेले केस, गालावरचा तीळ आणि कोणालाही न भिणारे दोन डोळे. फोटो त्यांना फार आवडला.

विश्वनाथरावांनीही मान वाकवून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! मग हाच लावू की. खाली ओळीत. सगळे थोडे थोडे सरकवले की जागा होते, वहिनी!"

"होते का?" सुचेताबाई गोड हसल्या. "राहू दे हो. उगाच सगळ्यांना सरकवायचा त्रास. वरचा वरच बरा आहे."

"आणि हा, काकू?" निखिलने विचारलं.

"याचं पोस्टकार्ड साइज काढ," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी घड्याळाखाली जागा आहे."