गुणाजीची बुद्धी आठ

साळवे राक्षसाला नाव विचारल्याशिवाय मारू द्यायचे नाहीत.

"थांबा," ते हात वर करून म्हणायचे, "आधी विचारा. नाव काय, गाव कोणतं, घरी कोण कोण?"

राक्षस कागदावरचा, तलवारही कागदावरची. रविवारी दुपारी आमच्या घरात चटईवर चालणारा बैठा खेळ तो. त्यातल्या राक्षसाच्या घरी कोण असणार, कपाळ! पण साळवे हटायचे नाहीत. मग खेळ चालवणारा म्हणून मला जागच्या जागी काहीतरी रचून सांगावं लागायचं. नाव धोंडू. गाव डोंगरापलीकडचं. घरी म्हातारी आई आणि दाढदुखीनं बेजार झालेली बायको. एवढं ऐकलं की सगळ्यांचे हात ढिले पडायचे. फक्त खैरनार चिडायचा. हा सटाण्याचा, कांद्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा, मोठा तापट. मांडीवर थाप मारून तो ओरडायचा, "मार ना भो त्याले! राक्षस शे तो, पाव्हना नही!"

"मारा की," साळवे शांतपणे म्हणायचे. "फक्त त्याच्या आईला निरोप द्यायला कोण जाणार, तेवढं ठरवा."

जायला कोणी तयार नसायचं. राक्षस सुटायचा. अशानं आम्हाला एक डोंगर सर करायला चार महिने लागले.

ऐंशी साल उलटल्यानंतरची ही गोष्ट. माझा आतेभाऊ अमेरिकेहून सुट्टीवर आला आणि जाताना एक खोका विसरून गेला. आत जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणि वीस बाजूंचा फासा. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, फासा टाकून लढायचं, आणि एकानं पुस्तक हातात धरून गोष्ट पुढं न्यायची. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो, म्हणून पुस्तक माझ्या हातात आलं. मास्तरला पुस्तक आणि चार माणसं मिळाली की तो काय करतो, ते सांगायला नको.

खैरनार आणि बँकेतले बापट हे माझे जुने मित्र. साळवे नंतर आले. ते जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे. मी त्यांना गुहेचा नकाशा काढून मागितला, तर त्यांनी मोजणीचा असतो तसा, उत्तर दिशा आणि प्रमाण दाखवून, नकाशा आणला. त्यात ओढा होता, बांध होते, आणि गुहेपासून ओढ्यापर्यंत तुटक रेघांची एक पायवाट होती.

"ही कशाला?" मी विचारलं.

"राहतात म्हणजे पाणी भरायला जात असतील ना, सर." माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे होते, पण मला सर म्हणायचे.

पुस्तकात एक तक्ता होता. कोणत्या वंशाचं पात्र कसं असतं त्याचा. मी त्याचं मराठी केलं आणि साळव्यांनीच तो सुंदर अक्षरात कार्डशीटवर उतरवला. गंधर्व : गोरे, उंच, देखणे, बुद्धी अठरापर्यंत. अर्धराक्षस : काळे, दणकट, उग्र वासाचे, जन्मतः क्रूर, बुद्धी जास्तीत जास्त आठ. बापटांनी गंधर्व घेतला. खैरनारनं मानवाचा योद्धा घेतला. आणि मी म्हणालो, "साळवे, तुम्ही अर्धराक्षस घ्या. तुमची अंगकाठीही तशी आहे."

साळवे सहा फूट उंच होते. काळे होते. आणि साळवे होते. यातलं कोणतं कारण माझ्या मनात होतं, ते त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं, आणि तरी सगळ्यांनी आपापले कागद पुढं ओढले. आज मी ते लिहितो आहे, यात काही मोठेपणा नाही. उशीर तेवढा झाला.

चहाचंही तसंच. आम्हाला कपबशी, साळव्यांना काचेचा ग्लास. तो ग्लास मोरीवरच्या कोनाड्यात वेगळा असायचा. चहा झाला की साळवे उठून तो स्वतः विसळून जागच्या जागी ठेवायचे. मी स्वतःला समजावायचो, आई जुन्या वळणाची आहे. मी नव्या वळणाचा होतो, म्हणजे मला फक्त लाज वाटायची.

साळव्यांनी आपल्या अर्धराक्षसाचं नाव गुणाजी ठेवलं. गुणाजीचं सगळंच उफराटं. गुहा जिंकल्यावर बापट सोनं उचलायचे, खैरनार हत्यारं, आणि गुणाजी पोथ्या. त्याला वाचता येत नव्हतं. तो बापटांच्या गंधर्वाकडं जाऊन बसायचा आणि म्हणायचा, "एक अक्षर सांगा, तुमचं ओझं मी नेतो." असं ओझं वाहून वाहून त्याची बुद्धी पाचावरून सहावर, सहावरून सातावर आली. दीड वर्षानं आठ झाली. त्या दिवशी साळव्यांनी पंचवटीतून पेढे आणले. आई आत होती. मी पेढा घेऊन खिशात ठेवला. काय करायचा होता खिशात ठेवून? पण ठेवला.

एकदा बापट म्हणाले, "साळवे, तुम्हाला राक्षसांचा एवढा पुळका का हो?"

"आपल्या गावाचं नावच एका राक्षसिणीचं नाक कापल्यावरून पडलं म्हणतात ना? तिलाही कोणी विचारलं नसेल, घरी कोण कोण." साळवे हसत हसत बोलले. बापट नंतर मला म्हणाले, "खेळात राजकारण नको बुवा." मी मान हलवली. माझी मान कुठल्याही बाजूला हलायची.

मग साळवे एकदा लागोपाठ दोन रविवार आले नाहीत. निरोपही नाही. पुलावरची मोठी लढाई त्यांच्यामुळं अडली. तिसऱ्या रविवारी आले, आपल्या जागी बसले. खेळाचा नियम माझाच होता, न सांगता दोन वेळा गैरहजर राहिलं की बुद्धीचा एक गुण वजा. मी तो वाचून दाखवला. "नियम म्हणजे नियम, साळवे."

"बरोबर आहे, सर," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच खोडरबर घेऊन आठाचा सात केला. त्या दिवशी त्यांनी एकाही राक्षसाला नाव विचारलं नाही. खैरनारनं तिघांना मारलं, आणि खेळ किती झपाट्यानं चालला म्हणून आम्ही खूश झालो.

सातावरून पुन्हा आठावर यायला गुणाजीला जवळजवळ वर्ष लागलं. त्या रविवारी साळवे म्हणाले, "सर, आता नऊ."

"नऊ कसा होईल? तक्त्यात आठच आहे."

"तक्ता कोणी केला?"

"ज्यांनी खेळ केला त्यांनी."

"त्यांनी गुणाजीला पाहिलंय का?"

मी पुस्तकावर बोट ठेवलं. बापट म्हणाले, "आज नऊ मागतोय, उद्या मंत्र म्हणायला लागेल!" आम्ही सगळे हसलो. साळवेही हसले. ते का हसले, हे मला तेव्हा विचारावंसंही वाटलं नाही. नऊ हा पेन्सिलीनं काढायचा आकडा होता. तो लिहिला असता तर अमेरिकेतून कोणी तपासायला येणार नव्हतं. मी लिहिला नाही.

पुढं बापटांची बदली झाली, खैरनार सटाण्याला परत गेला, खेळ मोडला. खोका मी साळव्यांना देऊन टाकला. मोठ्या मनानं नाही, माळ्यावर जागा नव्हती म्हणून.

तीन वर्षांनी मी पहिल्यांदा साळव्यांच्या घरी गेलो. तेही माझ्या कामासाठी. धाकट्या भावानं ओझरकडं प्लॉट घेतला होता आणि त्याच्या नकाशात बांधाची भानगड होती. दोन खोल्यांचं, लख्ख ठेवलेलं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी एका बाईंचा फोटो, त्याला चंदनी हार, खाली पांढऱ्या रंगात साळव्यांच्या बायकोचं नाव आणि त्या गेल्याची तारीख.

तारीख वाचून मी हिशेब केला. पुलावरची लढाई. ते दोन रविवार.

"सांगायचं होतंत, साळवे."

"तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं, सर." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्यांनी चहा आणला, दोन सारख्या कपबश्यांतून. मी कप हातात धरला आणि खेळाच्या तीन वर्षांत चाळीस राक्षसांच्या बाबतीत मी ज्याची उत्तरं रचली होती, तो प्रश्न साळव्यांना पहिल्यांदा विचारला. "घरी आता कोण कोण असतं?"

"मी आणि गुणाजी," ते म्हणाले, आणि कपाटातून एक वही काढून माझ्यापुढं ठेवली.

वहीत आमच्या खेळातले सगळे राक्षस होते. नाव, गाव, घरी कोण कोण. धोंडू होता, त्याची म्हातारी आई होती, दाढदुखीवाल्या बायकोपुढं "आता बरी आहे" असं लिहिलं होतं. ज्या तिघांना कोणी नाव विचारलं नव्हतं, त्यांनाही साळव्यांनी मागाहून नावं दिली होती. शेवटच्या पानावर गुणाजी. घरी : कोणी नाही. बुद्धी : आठ.

"अजून आठच?" मी म्हणालो. "आता खोका तुमचा आहे. वाढवायची होती."

"माझ्या हातानं वाढवली असती तर ती लबाडी झाली असती."

मी खिशातून पेन काढलं. "द्या, मी नऊ लिहितो."

साळव्यांनी वही हळूच मिटली.

"आता राहू द्या, सर. आठावर होता तोवर त्याला वाटायचं, आपण मित्रांबरोबर खेळतोय. नऊ झाला तर त्याला सगळं समजायला लागेल."

मग त्यांनी चष्मा लावला, भावाचा नकाशा जवळ ओढला, आणि बांध नेमका कुठून जातो ते मला समजेपर्यंत दोनदा सांगितलं.