फोरमनचं ट्रेनिंग

दर सोमवारी सकाळी समोरचे परबकाका आपल्या कुत्र्याची मीटिंग घेतात. दार सताड उघडं, काका स्टुलावर, कुत्रा पायपुसण्यावर.

"गेल्या हप्त्याचा टार्गेट काय होता? लिफ्टीत गप रवाचा. रवलंस? नाय! चौथ्या माळ्यावरच्या बायेर भुकलंस."

कुत्रा जांभई देतो.

"मीटिंगीत जांभई? मेल्या, शिस्त हा काय नाय?"

काका मरोळच्या एका कारखान्यात जन्मभर प्लॅनिंगला होते. कुठलं काम कधी सुरू करायचं, कधी संपवायचं, हे ठरवायचं त्यांचं काम. कुत्र्याचं नाव फोरमन. का, तर "जन्मभर फोरमन माझ्यार ओरडलो. आता मी फोरमनार ओरडतंय."

खाली बसायला शिकवायचं, तर त्याचेही तुकडे. "एका दमात पार्ट तयार होता काय? आधी कटिंग, मगे ड्रिलिंग, मगे फिनिशिंग." म्हणजे आठवडाभर फोरमनने नुसते मागचे पाय वाकवायचे. चुकून पूर्ण बसला की काका भडकायचे, "पुढचा काम आधी कोणी सांगल्यान?" आणि सेक्रेटरींच्या गाडीच्या चाकावर पाय वर केला, की "रिजेक्शन!" म्हणत त्याला वर घेऊन यायचे.

इथवर ठीक होतं. कांदिवलीच्या बिल्डिंगीत असे नमुने असतातच. पण मी जात्याच संशयी. दूधवाला नुसता हसला तरी दुधात बोट घालून बघते. आणि दिवाळीनंतर काकांचं काहीतरी भलतंच सुरू झालं.

कुरियरवाल्यालाही मालवणीत झापणारा हा माणूस एकदम शाळेतल्या बाईंसारखं बोलायला लागला. "फोरमन, इकडे ये. खाली बस." फोरमन बिचारा 'हंय ये' ऐकत वाढलेला, तो भिंतीकडे बघत बसायचा. मग एकदा मला म्हणाले, "बाय, जरा ह्येचो पट्टो धर गो," आणि स्वतः पाण्याच्या टाकीमागे लपून बघत राहिले! वर चौकशा. तुमच्याकडे जेवणां कधी होतत? मे महिन्यात म्हायेराक अकोल्याक जातास काय?

"एकटे आहेत गं, बोलतात बिचारे," माझा नवरा म्हणाला.

"एकटा माणूस माझ्या भाकरीच्या वेळा कशाला विचारेल?"

"तू ना, पोलिसात असायला हवी होतीस यार."

आणि एका दुपारी जाळीच्या दारातून काकांचा फोन कानावर आला. "अजून तयार नाय तो. तारीख पुढे ढकला."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हातारा कुत्र्याला विकतोय! घेणाऱ्याला मालवणी कळणार नाही, म्हणून साधं मराठी. परक्याच्या हातात पट्टा, ती रंगीत तालीम. तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काका, फोरमनला कोणाला विकताय?"

"इकतंय?" काकांचा आवाज चिरकला. ते स्टुलावर बसले आणि छातीवर हात ठेवून बसूनच राहिले.

मग कळलं. डॉक्टरांनी बायपास सांगितली होती. काकांनी तारीख दोनदा पुढे ढकलली होती, कारण काकी गेल्यापासून फोरमन त्यांच्याशिवाय कुणाच्या हातचं खात नव्हता.

"ह्यो दुसऱ्याच्या हातचा जेवाक लागलो, की मी अॅडमिट होतंय. पयलो ह्येचो टार्गेट."

"अहो, जीव जाईल तुमचा!"

"म्हणानच तर. मी परत इलंय नाय, तर ह्येना उपाशी रवाचा?"

मी विचारलं, "मग त्यासाठी मीच का सापडले?"

"तू संशयी हस गो. संशयी माणूस दाराची कडी नीट घालता. कुत्रो भायर पळाचो नाय."

चिडावं की हसावं, तेच कळेना.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात ट्रायल सुरू झाली. आधी काका भरवायचे, मी नुसती शेजारी. मग ताटली माझ्या हातात आणि काका उंबऱ्यात. शेवटी एका रविवारी काका दाराबाहेर गेले. मी म्हटलं, "जेव रे फोरमन." आणि पठ्ठ्याने ताटली साफ केली.

"पास!" काका बाहेरून ओरडले. आत आले तेव्हा डोळे भरलेले होते. "एकदा मागे वळान पण बघल्यान नाय मेल्यान."

काका अॅडमिट झाले. त्या दुपारी मी भातात चिकन कालवून ठेवलं. फोरमन उठला नाही. दाराच्या फटीला नाक लावून पडून राहिला. 'जेव' म्हटलं, 'जेव रे राजा' म्हटलं, मोडकंतोडकं मालवणीही बोलून बघितलं. भात सुकून गेला. संध्याकाळी फोन वाजला.

"जेवलो तो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. खरं सांगितलं असतं, तर हा माणूस सुई उपटून रिक्षाने घरी आला असता. आणि फोरमन आपल्याशिवाय जेवला नाही, हेच ऐकायला त्याचा जीव आसुसलाय, हेही मला कळत होतं.

"जेवला ना काका. ताटली चाटूनपुसून. आता मस्त झोपलाय."

"बरां झाला." मग आवाज बारीक करून, "माजी आठवण... काडल्यान काय?"

"छे! अजिबात नाही," मी म्हटलं. फोन ठेवला, आणि फोरमनशेजारी फरशीवर बसून ढसाढसा रडले.