डिकी बघितली होती

वर्षापूर्वी बायको गेली तेव्हापासून मुद्रितशोधक घरातून हलत नव्हते, म्हणून मुलीने त्यांना ओढून जुन्या दुचाकींच्या संग्रहालयात आणलं. जुनाट सायकली बघून माणसाचं मन रमतं, असं तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. ते तोंड पाडून प्रत्येक पाटीवरच्या चुका काढत पुढे सरकत होते. दुसऱ्यांच्या चुका काढण्यातच त्यांची हयात गेली होती.

शेवटच्या रांगेत एक निळी स्कूटर उभी होती. मडगार्डवरचा पोचा त्यांनी लांबूनच ओळखला. आठ वर्षांपूर्वी भंगारात दिलेली त्यांचीच स्कूटर. मुलगी हरखून गेली. मुद्रितशोधक मात्र दोन पावलं मागे सरकले.

कारण डिकी. स्कूटर देण्याच्या थोडं आधी बायकोचा चष्मा हरवला होता. ती म्हणाली, डिकीत ठेवलाय. यांनी ठणकावून सांगितलं, डिकी बघितली, नाहीये. खरं तर डिकी अडकायची. एका हाताने हँडल वर उचलून कुलपाखाली बुक्की मारली तरच उघडायची, आणि त्या दिवशी यांना कंटाळा आला होता. पुढे चार पाहुण्यांत तिच्या वेंधळेपणाचा हा किस्सा ते रंगवून सांगत राहिले. दवाखान्यात शेवटच्या दिवशीही ती एवढंच म्हणाली होती, "डिकीतच होता हो."

आता डिकी रिकामी निघाली तर निदान झोप तरी लागेल. ते दोरी ओलांडून आत शिरले.

"काका, हात नका लावू," लांबून रखवालदार म्हणाला.

तोवर हँडल उचललं गेलं होतं आणि बुक्कीही बसली होती. स्टँड तेव्हाही कुचकामी होता, आताही होता. स्कूटर शेजारच्या सायकलीवर कलली, ती पुढचीवर, आणि बघता बघता अकरा सायकली ओळीने आडव्या झाल्या. त्या गोंधळात डिकी उघडली आणि धुळीने माखलेला चष्मा फरशीवर पडला. काचा शाबूत होत्या.

"बाबा, तुम्ही तर म्हणाला होतात..." मुलगी म्हणाली आणि चष्मा उचलायला वाकली. ती पुढे बोलली असती तर बरं झालं असतं.

संग्रहालयाच्या बाई धावत आल्या. मुद्रितशोधक मान खाली घालून उभे राहिले. त्यांना शिव्या हव्याच होत्या. पण बाई खूश झाल्या. तीन मेकॅनिक हरले होते त्या डिकीपुढे. मुलीने चष्मा मागितला तेव्हा मात्र बाईंनी नियम सांगितला: वाहनात सापडलेली वस्तू वाहनासोबतच राहते. लगेच त्यांनी एक पाटी लिहिली, 'चष्मा. स्कूटरच्या मूळ मालकाचा,' आणि मुलीने वडिलांचा पेशा सांगितल्यामुळे ती तपासायला त्यांच्याच हातात दिली.

मुद्रितशोधकांनी खिशातलं लाल पेन काढलं. 'मालकाचा' खोडून 'मालकिणीचा' केलं. मग खाली एक ओळ वाढवली.

"हे कशाला?" बाईंनी विचारलं.

"राहून गेलं होतं," ते म्हणाले.

चष्मा आता काचेच्या पेटीत आहे. पाटीच्या शेवटी लाल अक्षरांत लिहिलंय: डिकीतच होता.