आठवं डोकं

दुरी काथोमासचं ठाम म्हणणं होतं, की माणसाचं तोंड खोटं बोलतं, डोक्याचं वजन खोटं बोलत नाही. पाण्यात उताणं तरंगणाऱ्या माणसाचं डोकं एकदा तळहातावर घेतलं, की त्याचा स्वभाव, त्याची झोप, झालंच तर त्याचं सासूशी कितपत पटतं, हे सगळं आपल्याला कळतं, असं तो सांगे. घळीतल्या त्या हॉस्पिटलात गरम झऱ्याच्या कुंडात उतरून रोग्यांचे सांधे मोकळे करण्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती आणि गेली बारा वर्षं तो बाहेरून येणाऱ्या फिजिओथेरपिस्टना हीच विद्या शिकवत होता. बढाई म्हणाल तर बढाई, पण ती खोटी ठरलेली कुणी पाहिली नव्हती.

जानेवारीत त्या घळीत ऊन उतरतच नाही. सकाळचे दहा वाजले तरी कडे काळे असतात आणि कुंडातले दिवे पाण्याखालून हिरवट जळत असतात. अर्धं कुंड छपराखाली, अर्धं उघड्यावर. मधे रबरी पट्ट्यांचा पडदा. बाहेर बर्फ पडायला लागला की पडद्याच्या फटीतून गार वारा आत घुसतो आणि पाण्यावर अशी वाफ धरते, की स्वतःचा हात लांब केला तर कोपरापुढचा हात आपला आहे की दुसऱ्याचा, ते सांगता येत नाही.

त्या दिवशी शिकायला आलेले सातजण होते. प्रशिक्षणाचा तिसरा दिवस. दुरीनं कमरेला खोचलेली काळी पट्टी काढली.

"माझे डोळे बांधा," तो म्हणाला. "एकेकानं मानेला, कमरेला आणि घोट्याला तरंगत्या रिंगा घालून उताणं व्हायचं. बाकीच्यांनी त्याला माझ्यापर्यंत आणायचं. मी डोकं हातात घेईन आणि नाव सांगेन. मग उजवीकडे सोडून देईन. आणि पाण्यात कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. काहीही झालं तरी."

"काहीही झालं तरी, मास्तर?" कोर्बिनियाननं विचारलं. हा बव्हेरियाचा गडी, दारातून वाकून आत यावं लागेल एवढा उंच, पण स्वभावानं भित्रा.

"आभाळ कोसळलं तरी."

पहिलं डोकं आलं. जड, मानेत दोरखंडासारखी शीर. "कोर्बिनियान. काल रात्री झोपला नाहीस." दुसरं आलं, सारखं वळवळणारं. "ग्रासा. पोर्तुगालची माणसं डोक्यानंसुद्धा बोलतात." वाफेतून कुणीतरी नाकातल्या नाकात हसलं. तिसरं आलं आणि हातात नुसतं पडून राहिलं. "इल्झे." या लाटव्हियाच्या मुलीला तो तीन दिवस बोलत होता, की तुझे हात फार मंद, तुझ्या हातात रोगी झोपून जाईल. चौथं, पाचवं, सहावं, सातवं. एकही चूक नाही. दुरीला आतून गुदगुल्या झाल्या. पट्टी सोडायला त्यानं हात वर नेला.

तेवढ्यात आठवं डोकं त्याच्या पोटाला येऊन टेकलं.

त्यानं सवयीनं ते हातात घेतलं. हलकं होतं, वाळलेल्या भोपळ्यासारखं. केस पातळ, ओले, आणि बर्फगार. दुरीनं मनात पुन्हा मोजलं. सात झाले होते. बोटं आपोआप मानेवरून खाली गेली आणि तिसऱ्या मणक्याशी थांबली. तिथं एक खळगा होता. घोड्यावरून पडलेल्या एकाच बाईच्या मानेत त्यानं तसा खळगा पाहिला होता आणि एकवीस वर्षं दर मंगळवारी दहा वाजता त्यावर अंगठा ठेवला होता.

मग ते डोकं गुणगुणायला लागलं. कानांनी ऐकू येईल असं नाही. हाडातून पाण्यात आणि पाण्यातून त्याच्या तळहातात. जुनं प्रार्थनागीत, दुसऱ्या ओळीत हटकून चुकणारं.

मेंगा तुओर. वय शहाऐंशी. गेल्याच आठवड्यात खोऱ्याच्या पेपरात काळ्या चौकटीत तिचं नाव त्यानं स्वतः वाचलं होतं.

एकतीस वर्षांत दुरीच्या हातून कुणाचं डोकं निसटलं नव्हतं. आजही निसटलं नाही. त्यानं ते ढकललं. हळू सोडायचं असतं हे सगळं विसरून, दोन्ही हातांनी, नाव किनाऱ्यावरून लोटावी तसं. 

पट्टी काढली तेव्हा समोर वाफ होती आणि वाफेत सात डोकी. त्यानं दोनदा मोजली.

"आठवी कोण होती?"

कुणी बोलेना. बोलायचं नाही, असं त्यानंच बजावलं होतं.

"आता बोला."

"तुम्हीच सांगा ना मास्तर," ग्रासा म्हणाली. "परीक्षा तुमची चालली आहे."

"मेंगा तुओर."

"ओळखलं." ग्रासा बाकीच्यांकडे वळली. "म्हटलं नव्हतं मी, मास्तरांनी मुद्दाम खरीखुरी रोगी आणून ठेवली असणार? पायऱ्यांवर उभी होती. मी रिंगा पुढं केल्या, तिनं न बोलता घातल्या, आडवी झाली. शिकवून ठेवल्यासारखी."

"मी कुणाला आणलं नव्हतं," दुरी म्हणाला. "ती बाई गेल्या आठवड्यात वारली."

 ग्रासानं आपला उजवा हात पाण्याबाहेर काढला आणि तो कुणा दुसऱ्याचा असावा तसं त्याच्याकडे बघत राहिली.

"तिचा हात बर्फासारखा होता," ती म्हणाली. "मला वाटलं, म्हातारं माणूस आहे."

"मी जरा टॉवेल घेऊन येतो," कोर्बिनियान म्हणाला आणि पाण्यातून इतक्या वेगानं निघाला, की मागं लाट उठली. टॉवेलची गरज मग सगळ्यांनाच आठवली. बघता बघता पायऱ्या ओल्या झाल्या, दार वाजलं, आणि कुंडात दुरी आणि इल्झे एवढे दोघेच उरले.

पडद्यापलीकडून गुणगुणणं येत होतं. दुसऱ्या ओळीत चुकत होतं.

"ती बाहेर वाहत गेली," इल्झे म्हणाली. "उजवीकडे प्रवाह तिकडंच जातो."

"इल्झे, मी तुला सांगतो, मी पेपरात वाचलं आहे."

"असेल. पण मेलेली असेल तर बुडणार नाही, मास्तर. जिवंत असेल तर बुडेल."

 त्याच क्षणी गुणगुणणं ओळीच्या मध्येच थांबलं. पडद्याच्या पट्ट्या हलल्या, आणि त्यांच्या खालून एक रिंग वाऱ्यानं संथपणे तरंगत आत आली. मानेची. रिकामी.

इल्झे पट्ट्यांमधून बाहेर गेली. दुरी जिथल्या तिथं उभा राहिला. पण आपण ढकललं, हे त्याला एकट्यालाच माहीत होतं, आणि त्या जाणिवेनं त्याला अखेर मागून लोटलं.

बाहेर बर्फाचे मोठे मोठे पापुद्रे पाण्यावर पडून विरघळत होते. पांढऱ्यापलीकडं काही दिसत नव्हतं. इल्झे हाका मारत नव्हती, इकडंतिकडं बघतही नव्हती. डोळे मिटून, पाण्याखाली दोन्ही हात पसरून ती पावलापावलानं चालली होती, अंधारात भिंत चाचपावी तशी. दुरीला ओरडावंसं वाटलं, की घाई कर. तो ओरडला नाही. पाण्यात लाट उठली असती, तर जे काय हाताला लागायचं ते दूर गेलं असतं, आणि हे त्या मुलीला त्याच्याआधी कळलं होतं.

"इथं," ती म्हणाली.

पाणी ओठांवर आलेलं होतं. इल्झेनं डोकं उचललं, दुरीनं पाठीखाली हात घातला, आणि मेंगा तुओर पोटातून खोकली. मेलेली माणसं खोकत नाहीत, एवढं दुरीला त्याही अवस्थेत कळलं. त्याला रडू आलं. वाफेत ते कुणाला दिसलं नाही.

"काय रे दुरी," श्वास जाग्यावर आल्यावर म्हातारी म्हणाली, "एकवीस वर्षांत असं ढकललं नव्हतंस कधी."

"मेंगाबाई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तूच म्हणालास ना, आभाळ कोसळलं तरी बोलायचं नाही. मी पायऱ्यांवर उभी राहून ऐकलं. इतकी वर्षं तुझं ऐकत आले, आज कशाला शब्द मोडू."

"पण पेपरात तुमचं नाव..."

"माझ्या चुलतदिराची बायको ती. या खोऱ्यात आंधळ्यानं दगड मारला तरी एखाद्या मेंगा तुओरला लागतो." ती इल्झेच्या हातावर नीट विसावली. "बिचारी गेली, आणि तुझी फुलं आली माझ्या दारात. चांगली होती. स्वयंपाकघरात ठेवली. मग चिठ्ठी वाचली."

दुरीला चिठ्ठी आठवली आणि आता आपणच बुडावं असं वाटलं.

"पाठ झाली आहे मला," मेंगा म्हणाली. "'अशी हट्टी बाई या पाण्यानं दुसरी पाहिली नाही. देव तिला शांती देवो. आता तरी ती खांदे सैल सोडेल.' वाचलं आणि म्हटलं, जाऊन दाखवून यावं. बर्फातून चालत आले, खाली नोंदणीला नवीन पोरगी होती बसलेली, तिला म्हटलं मंगळवार आहे, दहा वाजलेत. बघ आता. सैल आहेत का?"

इल्झे डोकं धरून उभी होती. तिचे हात जराही हलत नव्हते. दुरीनं दोन्ही तळवे म्हातारीच्या खांद्यांखाली सरकवले आणि अंगठ्यांनी ते चाचपले. बर्फ तिघांच्या केसांवर पडत होता.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "दगड आहेत नुसते."

मेंगा तुओरनं समाधानानं डोळे मिटले.

"देवाची कृपा," ती म्हणाली. "म्हणजे आहे मी अजून."