एका सौदीचे दोन उस्ताद

मंगळवारी सकाळी कामावर निघताना मोहियुद्दीन मुकादमने बायकोला सांगितलं, की संध्याकाळी सांदणं करायची, सोबत नारळाच्या रसातलं मटण, आणि जमलं तर चार घावणेही. बिलकिस लेकीचा डबा भरत होती. सौदी अरेबियातल्या अल-खोबरच्या त्या फ्लॅटमध्ये पंधरा वर्षं संसार केल्यावर तिला नवऱ्याचा आवाज बरोबर ओळखता येत होता. हा आवाज भुकेचा नव्हता.

"कोण येणाराय?"

"मिशारी."

"आणि काल कमलाकरभावजींकडे काय केलं होतं?"

"उकडीचे मोदक." मोहियुद्दीनने बूट घालता घालता खाली मान घालून सांगितलं, "अकरा खाल्ले त्याने."

मिशारी हा मोहियुद्दीनचा सौदी होता. निदान मोहियुद्दीन तसं म्हणायचा. त्यांच्या शुक्रवारच्या क्रिकेट लीगमध्ये आठ संघ होते आणि सगळे खेळाडू बाहेरून पोटासाठी आलेले. या देशात हा खेळ आपल्याबरोबर येतो आणि आपल्याबरोबरच परत जातो, हे काही बरं नाही, असं लीगच्या मंडळींना वाटलं आणि त्यांनी नियम केला, की प्रत्येक संघात एक तरी सौदी खेळाडू पाहिजे. त्या सभेत ‘दाभोळ स्टार्स’चा कप्तान म्हणून मोहियुद्दीन दहा मिनिटं बोलला. हा खेळ इथल्या घराघरांत गेला पाहिजे आणि कुठल्याही खेळाडूवर कुणी मालकी सांगता कामा नये, असं तो म्हणाला होता. टाळ्या पडल्या होत्या.

नंतर सगळ्या कप्तानांची धावपळ झाली. एका संघाने कंपनीची सरकारी कामं करणाऱ्या सौदी माणसालाच आणून सीमारेषेवर खुर्ची टाकून बसवलं. मोहियुद्दीनचं नशीब मात्र जोरावर होतं. मॉलच्या पार्किंगमध्ये त्याच्या ट्रॉलीवरून कलिंगड घसरलं, तेव्हा तिथल्या पहाऱ्यावरच्या तरुणाने आडवी उडी मारून ते जमिनीपासून वीतभर वर झेललं. तो मिशारी. मोहल्ल्याच्या फुटबॉल संघाचा राखीव गोलकीपर.

आठ महिने मोहियुद्दीनने त्याला शिकवलं. सुरुवातीला चेंडू पॅडवर आला की मिशारी तो पायाने परत मारायचा. त्रिफळा उडाला की टीव्हीवर पुन्हा बघू या म्हणून पंचांशी वाद घालायचा. कॅच घेतला की आनंदाने गुडघ्यांवर घसरत जायचा, त्यात खडीवर दोन पँटी फाटल्या. पण हळूहळू त्याला खेळ कळायला लागला आणि मुख्य म्हणजे तो मोहियुद्दीनला ‘उस्ताद’ म्हणायला लागला. एसी दुरुस्तीचा सुपरवायझर म्हणून एकोणीस वर्षांत मोहियुद्दीनला लोकांनी सदीक, म्हणजे दोस्त, म्हटलं होतं, नाव माहीत नसताना मोहम्मद म्हटलं होतं. उस्ताद कुणीच म्हटलं नव्हतं. घरात लेक इकरासुद्धा गणित अडलं की मोबाईलला विचारायची. "अब्बा, यू वोन्ट गेट इट," म्हणायची.

आणि आता तोच मिशारी कमलाकर घागलाही उस्ताद म्हणत होता.

कमलाकर चिपळूणचा, ‘वाशिष्ठी वॉरियर्स’चा कप्तान. दोघे एकाच वर्षी इथे आले होते, कॅम्पच्या एकाच खोलीत राहिले होते, आणि तेव्हापासून एकमेकांकडे डोळा ठेवून जगत होते. एकाने गाडी घेतली की दुसरा आपली विकायला काढायचा. कमलाकरच्या संघातल्या सौदीला शुक्रवारी दुपारी आईकडे जेवायला जाणं भाग असायचं, म्हणून त्याने खेळणं सोडलं. तेव्हा कमलाकरने लीगकडे अर्ज केला, की सौदी खेळाडू थोडे आहेत, तर एकाला दोन संघांतून खेळू द्यावं. लीगने परवानगी दिली, आणि कारण म्हणून मोहियुद्दीनच्या भाषणातलं मालकीबद्दलचं वाक्य लिहिलं.

मोहियुद्दीनला बोलायला जागा उरली नाही. त्याने मिशारीला जेवायला बोलावलं. हे कळल्यावर कमलाकरने बोलावलं. कमलाकरच्या बायकोने, स्वप्नाने, पुरणपोळ्या केल्या, की बिलकिसच्या मागे खिम्याचे समोसे लागत. महिन्याभरात मिशारीच्या कमरेचा पट्टा शेवटच्या भोकात गेला. इकराने बापाला त्याबद्दल सावधही केलं होतं.

त्या मंगळवारी संध्याकाळी मिशारी आला, सात सांदणं खाऊन तृप्त झाला आणि मग त्याने बातमी दिली. शुक्रवारी वॉरियर्सची मॅच दाभोळ स्टार्सशीच होती, आणि त्या मॅचसाठी मिशारीला वॉरियर्सकडून खेळायचं होतं. कमलाकर त्याला आपल्याबरोबर सलामीला पाठवणार होता.

मोहियुद्दीनने सांदणांची थाळी आपल्याकडे ओढली. त्याच्या संघात मिशारी अकराव्या नंबरवर जायचा आणि बहुतेक वेळा जायचाच नाही.

"उस्ताद, एक बात," मिशारी म्हणाला. "कमलाकर उधर चिल्लाता, ‘नको’. ये ‘नको’ क्या मतलब?"

मोहियुद्दीनने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"नको मतलब भागो," तो म्हणाला.

"और ‘ये’?"

"ये मतलब रुको."

आता हा हसेल, निदान शंका तरी घेईल, असं त्याला वाटलं. पण मिशारीने समजूतदारपणे मान हलवली. "सही बात. कमलाकर का घर में मेहमान बोलता, नको, नको, नको. भाभी और मोदक डालता."

बिलकिस स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मोहियुद्दीन पडद्याच्या कापडाकडे निरखून बघू लागला.

मिशारी गेल्यावर तिने स्पष्टच सांगितलं, की उद्या फोन करून त्या पोराला खरं काय ते सांगा. खेळात थोडी गंमत चालते, असं मोहियुद्दीन म्हणाला.

"गंमत नाय ही," बिलकिस म्हणाली. "जळताय तुमी."

बुधवारी तो खरोखरच फोन करणार होता. डब्याच्या सुट्टीत त्याने मोबाईल उघडला, तर कमलाकरचं स्टेटस समोर आलं. निळी नवी कोरी जर्सी घातलेला मिशारी, पाठीवर मराठीत त्याचं नाव, आणि खांद्यावर कमलाकरचा हात. मोहियुद्दीनने मोबाईल खिशात ठेवला आणि शुक्रवारपर्यंत कुणालाही फोन केला नाही.

शुक्रवारी गावाबाहेरच्या खडीच्या मैदानावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. सौदी खेळाडू कसे तयार होतायत ते बघायला रियाधहून एक साहेब आले होते. मोहियुद्दीनने त्या दिवसापुरता मॉलमधलाच दुसरा एक सौदी पहारेकरी उभा केला होता आणि तो थर्ड मॅनला फोनवर बोलत होता. मोहियुद्दीन स्वतः मिडविकेटला उभा राहिला. जे काही होणार ते त्याला जवळून बघायचं होतं.

दुसऱ्याच चेंडूवर कमलाकरने हलकेच मिडविकेटकडे ढकललं आणि ओरडला, "नको!"

मिशारी सुसाट निघाला. चेंडू मोहियुद्दीनच्या हातात होता. कमलाकर क्रीजमध्ये उभा राहून आ वासून समोरून येणाऱ्या मिशारीकडे बघत होता, आणि पलीकडचं टोक साफ मोकळं होतं. नुसता चेंडू टाकायचा अवकाश होता. पण महिन्याभराचं सगळं सुख एकदम हातात आल्यामुळे मोहियुद्दीनने नको तेवढा जोर लावला. चेंडू गोलंदाजाच्या डोक्यावरून गेला आणि थेट पार्किंगमधल्या गाड्यांखाली शिरला. वॉरियर्सना चार धावा मिळाल्या.

षटक संपल्यावर कमलाकर खेळपट्टीच्या मध्यावर गेला आणि त्याने मिशारीला काहीतरी विचारलं. मिशारीने हात हलवून समजावून सांगितलं. कमलाकरने बराच वेळ मोहियुद्दीनकडे पाहिलं. मग तो आपल्या जागी गेला, आणि पुढचा चेंडू मारून मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नको रे, नको!"

त्या पहारेकऱ्याखेरीज स्टार्सचे सगळे खेळाडू दाभोळ-गुहागरकडचे. ‘नको’ ऐकल्याबरोबर त्यांचे खांदे सैल पडले, कव्हरवाला तर घाम पुसायला लागला, आणि तेवढ्यात धाव पूर्ण झाली. मग हेच सुरू झालं. ‘ये’ म्हटलं की स्टार्स जिवाच्या आकांताने फेकत आणि फलंदाज जागचे हलत नसत. ‘नको’ म्हटलं की ते पळत. खरं काय ते स्टार्समध्ये मोहियुद्दीनला एकट्यालाच ठाऊक होतं आणि ते सांगता येत नव्हतं. सहाव्या षटकात त्याचा धीर सुटला.

"अरे, नको म्हणतोय म्हणजे पळणार तो!" तो ओरडला.

यष्टीमागून दौलत शिगवणने ग्लोव्हज कमरेवर ठेवले. "तुला कसं म्हायती, कप्तान?"

"अंदाज," मोहियुद्दीन म्हणाला.

वॉरियर्स चौतीस धावांनी जिंकले. त्यातल्या निम्म्या तरी चोरलेल्या होत्या. बक्षिसाच्या टेबलाजवळ रियाधच्या साहेबांनी मिशारीची पाठ थोपटली. इतकं चतुर धावणं आपण नव्या खेळाडूत पाहिलं नाही, असं ते म्हणाले, आणि हे तुला कुणी शिकवलं म्हणून त्यांनी विचारलं. मिशारीने गर्दीत नजर फिरवली. मोहियुद्दीन किटबॅगा उचलण्याच्या निमित्ताने मागे सरकत होता.

"वो," मिशारी सगळ्यांदेखत म्हणाला. "मेरा उस्ताद."

आठ महिने मोहियुद्दीनने याच क्षणाची वाट पाहिली होती. आता लोक वळून बघत होते, साहेब हात पुढे करत होते, फोटो निघत होते, आणि त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. सगळ्यात जास्त वेळ टाळ्या कमलाकरने वाजवल्या. मग तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "उस्ताद, आणखी काय काय शिकवलंयस त्याला? तेवढं आत्ताच सांगून ठेव."

दहा दिवसांनी मिशारीला जेद्दाच्या शिबिराचं बोलावणं आलं. दोन महिने राहायचं होतं. त्याला सोडायला दोघेही विमानतळावर गेले, आपापल्या गाडीने. येताना पार्किंगमध्ये समोरासमोर आले. आता दोघांच्याही संघात सौदी नव्हता.

पुढच्या शुक्रवारी स्वप्नाला घेऊन कमलाकर मोहियुद्दीनकडे आला. माफी कुणी मागितली नाही, कुणी मागायलाही लावली नाही. बायका आत गप्पा मारत बसल्या, आणि आतून येणाऱ्या हसण्यावरून काय चाललंय ते दोघांनाही कळत होतं. चहा निम्मा झाला असेल, तेवढ्यात मिशारीचा फोन आला. मोहियुद्दीनने आवाज मोठा केला.

मिशारी खुशीत होता. जेवण चांगलं होतं, मैदानावर खरं गवत होतं. शिबिरातला नवा उस्ताद तर फारच मोठा माणूस होता. "वो बोलता, मिशारी, पुराना सब भूल जाओ," त्याने आनंदाने सांगितलं. "मैं भूल रहा है, उस्ताद. एक महीना लगेगा."

फोन बंद झाला.

"एका महिन्यात?" कमलाकर म्हणाला.

"तुझं आठवड्यातच विसरेल. एका मॅचचं काय ते शिकवणं." मोहियुद्दीनने कप खाली ठेवला. "महिना लागेल तो माझं विसरायला."

"त्याचा कव्हर ड्राइव्ह माझा आहे. तो वर्षभर जायचा नाही."

"कव्हर ड्राइव्ह मी शिकवला."

"तू शिकवलास तो पायाने मारायचा."

मोहियुद्दीनला हे सहन झालं नाही. सोक्षमोक्ष लावायचा म्हणून त्याने लगेच मिशारीला फोन लावला. आधी कुणाचं विसरायला घेतलंस, एवढंच त्याला विचारायचं होतं. फोन कानाला लावून तो थांबला. मग पुन्हा लावला, पुन्हा थांबला.

"काय झालं?"

"बिझी येतोय."

कमलाकर पुढे सरकून बसला. "कुणाशी बोलतोय?"