धोंडुबाईच्या तारेला सत्त्याण्णव गुण

गडमुडशिंगी गावाबाहेर आकाराम यांच्या गोठ्याच्या वाटेवर विजेची तार जमिनीपासून सव्वासहा फुटांवर लोंबत होती. त्यांची पत्नी धोंडुबाई डोक्यावरच्या वैरणीच्या भाऱ्यासह सहा फूट भरत असे. दोन्ही बाजूंना ऊस असल्याने दुसरी वाट नव्हती. उरलेल्या तीन इंचांबाबत आकाराम यांनी वीज कार्यालयात अर्ज दिला: ‘तार खाली आलीया. बायको जाईल. वर करा.’

अर्जाला शंभरपैकी अकरा गुण मिळाले.

नव्या परिपत्रकानुसार कार्यालय फक्त पटणाऱ्या अर्जांवर कारवाई करते. तर्काला चाळीस, भावनेला तीस, अर्जदाराच्या विश्वासार्हतेला तीस. उत्तीर्ण होण्यास साठ. आकाराम विचारणा करायला गेले तेव्हा मूल्यमापन लिपिक राजवर्धन यांनी त्यांना खुर्ची दिली.

“पावणं, तार खाली आली हे कशावरनं?”

“या की बघायला!”

“बघितल्यावर कुणालाबी पटतंय. मग तुमच्या अर्जानं काय केलं?” परिपत्रकात पाहणीस मनाई होती, पाहणीमुळे गुण देणाऱ्याचे मत कलुषित होते. “बरं, बायको जाईल म्हणजे? वाचणाऱ्याच्या घशात आवंढा आला पायजे.”

“जाईल म्हंजे मरंल.”

“हे नुसतं विधान झालं. आणि तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?”

“माझीच बायको हाय म्हणून.”

“हितसंबंध,” असे म्हणून राजवर्धन यांनी लाल पेनाने अकराचे सहा केले.

नापास अर्जदारांसाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण होते. आकाराम ते पूर्ण करून आले तोवर तार सहा फुटांवर आली होती आणि धोंडुबाई वाकून जाऊ लागली होती.

“काय शिकलासा?” तिने विचारले.

“शेवट काळजाला लागाय पायजे.”

“तार लागंल तवा काळजालाच लागंल.”

आकाराम यांनी ते वाक्य लगेच लिहून घेतले.

दुसऱ्या अर्जाला सत्त्याण्णव गुण मिळाले. उरलेले तीन गुण हस्ताक्षरासाठी कापले. उपअभियंता उदयसिंह यांनी वाचताना दोनदा चष्मा पुसला आणि शेरा मारला: ‘कार्यालयास पूर्णपणे पटले. अर्जाचा हेतू सफल. प्रकरण निकाली.’

“आणि तार, साहेब?”

“तार तर लई भारी उतरलीया अर्जात,” उदयसिंह म्हणाले.

हा अर्ज नमुना म्हणून जिल्ह्यात पाठवण्यात आला. महिन्याभरात बिद्रीपासून गगनबावड्यापर्यंतच्या दोनशे बारा अर्जांत, मग तक्रार वाकलेल्या खांबाची असो की बंद मीटरची, धोंडुबाई तारेखाली उभी होती. एकच बाई एकाच वेळी दोनशे बारा ठिकाणी वैरण नेते, हे तर्काला धरून नसल्याने कार्यालयाने तिला काल्पनिक ठरवले. आकाराम यांचा तिसरा अर्ज ‘नक्कल’ म्हणून परत आला.

शेवटी धोंडुबाई भाऱ्यासकट कार्यालयात आली.

“बघा, ही मी. हाय का न्हाय?”

राजवर्धन यांनी तिचे आधार कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिले. नंतर अर्ज पाहिला. बराच वेळ तुलना केली.

“तुम्ही हायसा, मावशी. पण ह्यातली बाई जास्त पटत्या.”

“मग तिलाच लावा वैरण आणायला,” असे म्हणून धोंडुबाईने भारा उचलला. जनावरे उपाशी होती.

तार आता पाच फुटांवर आहे. भारा डोक्यावर घेता येत नाही म्हणून धोंडुबाई तो ओढत नेते. तिची स्वतःची उंची पाच फूट एक इंच आहे.

वाचकांना तिची काळजी वाटली असल्यास त्यांनी भावनेचे तीसपैकी गुण कळवावेत. तार बघायला मात्र कोणी जाऊ नये. निकालावर परिणाम होतो.